आटवायची गोळी

मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. मोठीमायचं ऑपरेशन होऊन आम्ही घरी परत आलो, त्याच संध्याकाळी मी तिच्या औषधांची यादी करून फ्रिजवर चिकटवली. तिला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक गोळीपुढे चित्र काढलं. सकाळच्या गोळीपुढे सूर्य, जेवणानंतरच्या गोळीपुढे ताट, झोपतानाच्या गोळीपुढे चंद्र. चंद्र काही नीट जमला नाही. "ही काय, काकडीची फोड हाय का?" असं ती म्हणाली, पण खूण ध्यानात ठेवली.

पुढच्या रविवारी औषधांचा डबा पुसायला काढला तेव्हा दिसलं की सूर्याच्या आणि ताटाच्या पट्ट्या रिकाम्या होत आल्या होत्या. चंद्राची पट्टी मात्र दुकानातून आणली तशीच होती.

"मोठीमाय, ही गोळी विसरतेस का?"

"इसरत न्हाई. घेतच न्हाई."

"कावून?"

कॉलेजात मी शुद्ध बोलते, तिच्यापुढे आपोआप तिच्या बोलीवर येते. ती खाली बसून गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती आटवायची गोळी हाय. तूच सांगितलंस गाडीत. एकदा आटवलंय मी, बाई. आता पुन्यांदा न्हाई."

मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती, वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. चुलते गेल्यापासून ती केजला माझ्याकडे असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या छातीत गाठ सापडली. लातूरला ऑपरेशन झालं, एक बाजू काढून टाकली. गाठीचा तुकडा तपासून डॉक्टरांनी सांगितलं की हा प्रकार गोळीला दाद देणारा आहे. मात्र गोळी रोज आणि काही वर्षं घ्यावी लागेल. एखादी सुटी पेशी अंगात कुठे दडून बसली असेल, तर तिला वाढू न देणं हे त्या गोळीचं काम. गोळी नाही घेतली तर दुखणं परत येण्याची भीती मोठी. डॉक्टरांनी हे मला दोनदा सांगितलं, आणि मी मान हलवली, कारण मला वाटलं होतं की अवघड भाग संपला.

आता तिनं मला दोषी धरलं होतं, आणि त्यात तथ्य होतं. लातूरहून परत येताना एसटीत तिनं विचारलं होतं, गाठ तर काढली, मग गोळी कशापायी? मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. कोणी विचारलं की उत्तर द्यायचं, आणि अर्धवट द्यायचं नाही, ही जडलेली खोड. मी सांगत सुटले. छातीत दूध करणाऱ्या पेशी असतात. त्या पेशींना जणू कान असतात. बाईच्या अंगात एक रस तयार होतो, तो रक्तातून तिथवर येतो आणि त्यांच्या कानात सांगतो की वाढा, तयार व्हा. चांगली पेशी तेवढं ऐकते आणि वेळ आली की थांबते. तुझ्या गाठीतल्या पेशी थांबायचं विसरल्या, नुसतं 'वाढा' एवढंच ऐकत राहिल्या. ही गोळी त्यांच्या कानात बोळा घालते.

"मंजी दुधाच्या पेशी आटवती," ती म्हणाली.

"तसंच म्हण," मी म्हणाले, कारण अंबाजोगाईचा स्टँड आला होता आणि मला पाण्याची बाटली घ्यायची होती.

एकदा आटवलंय म्हणजे काय, ते दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मला कळलं. मी तिथे होते.

मी चौथीत होते त्या वर्षी. आमचं गाव नांदूरघाटच्या जवळ, माळावरचं. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी गेला होता. दिवाळी झाली आणि ट्रक भरभरून माणसं कारखान्यांकडे ऊस तोडायला गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. माझे आईवडील एक कोयता होते. माझी बहीण तेव्हा नुकती जन्मलेली, ती मायच्या पदरात गेली. मी शाळेसाठी मागे राहिले, मोठीमाय आणि चुलत्यांजवळ. चुलते गावच्या दूध सोसायटीत मापाडी होते, म्हणून ते घर जागेवर होतं. गावातली निम्म्याहून जास्त दारं कुलपात. मागे राहिली ती म्हातारी माणसं, शाळेची पोरं, आणि सोसायटी.

थंडी पडल्यावर एक दिवस रिकाम्या ट्रकमधून गावातलीच एक बाई उतरली. तिच्या हातात धडप्यात गुंडाळलेली माझी बहीण होती. मायला विषमज्वर झाला होता. तिला कारखान्याच्या गावातल्या दवाखान्यात टाकलं होतं, शुद्ध नव्हती आणि दूध गेलं होतं. वडिलांना ना तोड सोडता येत होती ना दवाखाना. तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोपीत लेकराला बघायला कोणी नव्हतं. म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं होतं.

बहिणीच्या मांडीची कातडी सैल झाली होती. रडायला तोंड उघडायची, पण आवाज येत नव्हता.

आमची म्हैस होती, पण तिचं रेडकू त्याच महिन्यात चाऱ्यावाचून मेलं होतं आणि तिनं दूध चोरलं होतं. चुलते सोसायटीतून लोटाभर दूध आणायचे. बाटलीनं पाजलं की ते बहिणीच्या पोटात ठरायचं नाही, जसंच्या तसं बाहेर. नांदूरघाटच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पाणी उकळून घ्या सांगितलं, मीठ-साखरेचं पाणी सांगितलं, आणि म्हणाले, "एखादी लेकुरवाळी बघा गावात. अंगावरचं मिळालं तर पोरगी वाचेल."

मोठीमायनं डोळे मिटून गावातली सगळी घरं मोजली. एकूण एक लेकुरवाळी बाई उसाला गेली होती.

मोठीमायचा जनावरांवर फार हात होता. वासरू मेलेली गाय, रेडकू मेलेली म्हैस लोक तिच्याकडे घेऊन यायचे. जनावराच्या सडात दूध असतं, पण पिल्लू दिसेना झालं की ते पान्हा सोडत नाही, आणि असेच दिवस गेले की सड आटतात. मोठीमाय दुसऱ्या कोणाचं तरी पोरकं रेडकू आणायची. त्याच्या पाठीवर मीठ आणि कोंडा चोळायची आणि म्हशीपुढे उभं करायची. म्हैस आधी लाथ मारायची, मग मिठासाठी चाटायची. चाटता चाटता कधीतरी तिची शेपटी सैल पडायची. मोठीमाय कोमट पाण्यानं कास शेकत खाली बसून असायची, घाई करायची नाही. त्या आठवड्यात आमच्या म्हशीला तिनं असंच एका विकल्या गेलेल्या म्हशीचं रेडकू लावलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हैस पान्हावली. आधी भांड्याचा तळ झाकला, मग अर्धं भांडं.

डॉक्टरांकडून आलो त्या दुपारी मोठीमाय गोठ्यामागे उन्हात बसली आणि तिनं चोळीच्या गाठी सोडल्या. बहिणीला छातीशी धरलं. मला म्हणाली, "वाटीत दूध आण. उकळलेलं. अन् चमचा."

मग काम असं ठरलं. तिनं बहिणीला छातीला लावायचं, आणि मी वरून चमच्यानं दुधाचा थेंब थेंब सोडायचा, म्हणजे तो ओघळत बहिणीच्या तोंडाशी जाईल. बहिणीला वाटायचं की दूध इथूनच येतंय, म्हणून ती ओढायची. थोडं जास्त सांडलं तर मोठीमाय म्हणायची, "गाड्याला वंगण घालतीस का? दम धर." दिवसात जमेल तितक्या वेळा हे चालायचं. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी पळत घरी यायचे.

चुलत्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दुधाचा लोटा घेऊन गोठ्याच्या कोपऱ्यावरच थबकले. तोंड फिरवून उभे राहिले.

"येडी झालीस का तू? भाकड जनावराला लेकरू लावून दूध येतं व्हय?"

"म्हशीला आलं की."

"ती याली होती."

"मग मी काय भाकड हाय? दोन वेतं झाल्यात माझी."

चुलते लोटा खाली ठेवून गेले. मला तेव्हा अर्थ नीट कळला नव्हता. मोठीमायला दोनदा दिवस गेले होते, दोन्ही पुऱ्या दिवसांचे. पहिला मुलगा मेलेलाच जन्मला. दुसरी मुलगी एक दिवस जगली. हे माझ्या जन्माआधीचं. घरात त्यावर कोणी बोलत नसे, आणि चुलत्यांनी त्या दिवशी जो शब्द वापरला तोही पुन्हा कधी वापरला नाही.

गावात बातमी सोसायटीतून पसरली. म्हाताऱ्या बाया बघायला आल्या. एकीनं पदर तोंडाला लावला, "अगं बया, असं कुठं असतं का?" दुसरीनं काही न बोलता घरून मेथ्या आणि गुळाचा खडा आणून दिला. तिसरी बांधावरून शतावरीची मुळी खणून घेऊन आली. म्हणाली, "दुष्काळात जमीन खणायला लावलीस बघ." सोसायटीचे सेक्रेटरी चेष्टेखोर होते. एका सकाळी दूध घालायला आलेल्या सगळ्या लोकांपुढे त्यांनी चुलत्यांना विचारलं, "काय मापाडी, सभासदानं घरचं सगळं दूध सोसायटीला घालायचा नियम हाय. तुमच्या घरचं कवा येणार? फॅट बघू की."

चुलते कानापर्यंत लाल झाले. पण मग म्हणाले, "आधी तिच्या सभासदाचं पोट भरू द्या. उरलं तर आणतो." सगळे हसले. त्या दिवसापासून सेक्रेटरी सोसायटीच्या डब्यातून बहिणीच्या वाटीपुरतं दूध आधी काढून ठेवू लागले.

आणि मग एक दुपार. ऊन उतरलं होतं. वाटीतलं दूध संपलं होतं, मी रिकामा चमचा धरून मोठीमायच्या खांद्यावरून वाकून बघत होते. बहीण ओढत होती. तिनं क्षणभर तोंड बाजूला केलं, आणि तिच्या ओठावर पांढरं होतं. मी चमच्याकडे पाहिलं. चमचा कोरडा होता.

"मोठीमाय, हे कुठलं?"

तिनं खाली पाहिलं. बोटानं टिपलं, जिभेवर ठेवलं. मग बहिणीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

आज मला माहीत आहे की आत काय चाललं होतं. लेकरू ओढू लागलं की ते मेंदूपर्यंत पोहोचतं. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यातून दुधाचा रस रक्तात उतरतो. छातीतल्या पेशींच्या कानावर तो हुकूम पडतो आणि पेशीच्या पोटात जनुकांचा जो धागा गुंडाळून ठेवलेला असतो, त्यातली दुधाची जागा सैल होते. तिथलं लिहिलेलं वाचलं जातं आणि दूध तयार होतं. दुधाचं जनुक सगळ्यांच्या सगळ्या पेशींत असतं, माझ्या कोपरातही आहे. पण तिथे ते घट्ट गुंडाळलेलं, कधी न वाचायचं. कोणत्या पेशीनं काय वाचायचं आणि काय मिटून ठेवायचं, याच्यावर सगळं शरीर चालतं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण हे मला पहिल्यांदा कळलं ते चमच्यातून, आणि तेव्हा मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्याची मला अजून ओढ लागते. हे सांगायला बरं वाटत नाही. माय तापानं फणफणत पडली होती, विहिरी तळाला गेल्या होत्या, आम्ही एक वेळ भाकरी आणि एक वेळ कण्या खायचो. तरीही कधी कॉलेजातून थकून आले, स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी असलं, कामं सगळी झालेली असली, की मला नेमकं तेच हवं असतं: गोठ्यामागचं ऊन, पाठीला तापलेली मातीची भिंत, मोठीमायच्या चोळीला येणारा दुधाचा आंबूस वास, मांडीवर बहीण, आणि तिच्या पायाशी मी. मोठीमाय एका हातानं बहिणीला धरायची आणि दुसऱ्या हातानं माझ्या केसांतून बोटं फिरवत राहायची, जशी म्हशीला खाजवतात तशी. माझी आई दूर होती आणि मला तिची आठवण यायची. पण त्या उन्हात मला कशाचीच कमी वाटत नव्हती. पुढे आयुष्यात मी पुष्कळ काही मिळवलं. तसं ऊन पुन्हा मिळालं नाही.

बहिणीच्या मांड्या भरल्या. ती हसू लागली, आवाज करून. मोठीमाय दुसऱ्या घरी गेली आणि बहीण रडली, तर मोठीमायची चोळी तिथेच भिजायची. ती लाजून पदर ओढून घ्यायची आणि धावत यायची.

चैत्रात कारखान्याचा पट्टा पडला, तोड संपली आणि ट्रक परत आले. माय उतरली तेव्हा मला ओळखू आली नाही. केस गेले होते, गालांची हाडं वर आली होती. तिनं पहिल्यांदा मला जवळ घेतलं, मग हात पुढे केले. मोठीमायनं बहिणीला तिच्या मांडीवर ठेवलं. बहिणीनं तिच्याकडे पाहिलं आणि किंचाळायला लागली. मोठीमायच्या दिशेनं सगळं अंग वाकवून.

"मला वळखत न्हाई ती," माय म्हणाली.

तिनं पदराखाली घेऊन पाहिलं. तिचं दूध तापात गेलं ते गेलंच होतं. आणि बहीण तिला तोंड लावायला तयार नव्हती. हे चार-सहा दिवस चाललं. भांडण झालं नाही. माझी माय भांडणारी बाई नव्हती. एका दुपारी ती येऊन मोठीमायपाशी बसली, जमिनीकडे बघत म्हणाली, "अक्का, तुमी जरा माहेरी जाऊन येता का?"

"जाते की," मोठीमाय म्हणाली. लगेच. जणू तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं.

तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली. मला आत बोलावलं आणि पाठीमागून गाठ मारायला लावली. "घट्ट बांध. अजून घट्ट. म्हशीला आटवताना कशी वैरण तोडतो आपण, पाणी कमी करतो? तसंच हे." त्या दिवशी ती पाणीही प्यायली नाही. पट्टी भिजत होती. मी दुसरी गाठ मारताना तिचा श्वास ऐकला, तोही तिनं धरून ठेवला होता.

तिचं माहेर परळीकडे, धर्मापुरीला. चुलते तिला गाडीत बसवून आले. ती परत आली तेव्हा वळवाचे ढग येऊ लागले होते. तिची चोळी सैल झाली होती, छाती सपाट. बहीण अंगणात मायजवळ होती. मोठीमायला बघून ती मायच्या लुगड्याआड लपली आणि तिथून एका डोळ्यानं बघू लागली.

"बरं झालं," मोठीमाय म्हणाली, "वळखाय लागली मायला."

बहिणीला ही सगळी गोष्ट माहीत आहे, लहानपणी देवी टोचल्याची माहिती असावी तशी. "मोठीमायनं मला पाजलंय," असं ती हसत सांगते. ती आता पुण्याला असते. गोळीचं मी तिला कळवलं तेव्हा तिनं फोन केला. "मोठीमाय, नाटकं करू नको. गोळी घे गपगुमान."

"घेतली, घेतली," मोठीमाय फोनवर म्हणाली. फोन ठेवून मला म्हणाली, "तिला कशाला सांगितलंस?"

डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांचंही तिनं ऐकून घेतलं, हो हो म्हणाली. रागावून पाहिलं. "मास्तरीणबाई, शाळेत रागवा," असं उत्तर मिळालं. पट्टी तशीच राहिली. मी डब्यात रोज बघायचे आणि न फोडलेल्या गोळ्या मोजायचे. तिला मरायचं नव्हतं. दुखण्यालाही ती घाबरत नव्हती. तिच्या अंगानं आयुष्यात जे एक केलं होतं, त्याचा उरलासुरला माग त्या गोळीनं पुसला जाईल, एवढंच तिला वाटत होतं. आणि असं वाटायला मीच शब्द पुरवले होते.

त्याच आठवड्यात बारावीला जनुकांच्या नियंत्रणाचा धडा आला. सुरुवात नेहमी आतड्यातल्या जंतूंपासून होते. दुधातली साखर आली की तो जंतू ती साखर तोडायचं जनुक उघडतो. साखर नसली की एक राखणदार प्रथिन तिथे दारात बसून राहतं, जनुक बंद. नको तिथे काम करायचं नाही, हा काटकसरीचा हिशेब. मग मी माणसाच्या पेशींकडे वळते आणि कोपराचं उदाहरण देते. दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी बोलतंच.

"मॅडम, मग कोपरातून दूध कावून निघत न्हाई?"

"तेच तर शिकवतेय. गप्प बसून ऐक."

फळ्यावर मी दोन रकाने केले. डावीकडे जंतू, उजवीकडे माणसाची पेशी. जंतूचं जनुक बंद झालं की जवळजवळ पहिल्यासारखं बंद. उजव्या रकान्यात लिहायला गेले आणि खडू थांबला. आपल्या पेशीत तसं नसतं. गुंडाळी एकदा सैल झाली, वाचलं गेलं, की धाग्यावर बारीक रासायनिक खुणा बदलतात. पेशी पुन्हा मिटली तरी काही खुणा तशाच राहतात. उंदरांच्या बाबतीत हे पाहिलेलं आहे. एकदा व्यालेल्या मादीच्या स्तनातल्या पेशी आटल्यानंतरही काहीतरी लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी त्यांना तोच हुकूम मिळाला की त्या पहिल्यापेक्षा लवकर उघडतात. मी हे कुठेतरी वाचून ठेवलं होतं, वरच्या वर्गाची माहिती म्हणून. घरातल्या कोणाशी त्याचा संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मोठीमायजवळ बसले. या वेळी घाई केली नाही.

"मोठीमाय, गाडीत मी अर्धंच सांगितलं. गोळी पेशीच्या कानात बोळा घालते, हे खरं. पण पेशीच्या पोटात जी खूण उठलेली असते, ती गोळी पुसत नाही."

"कसली खूण?"

"दूध एकदा आलं की आत खूण राहते. आटलं तरी राहते. तुला बहिणीच्या वेळी दूध आलं ते कोऱ्या अंगाला नाही आलं. तुझ्या पहिल्या लेकरांच्या वेळी ती जागा एकदा उघडली होती. मग मिटली. पण खूण राहिली असणार, म्हणून बहिणीनं ओढलं तेव्हा ती उघडली. उंदरांत असं दिसलंय. माणसात नक्की असंच होतं, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण मला तसं वाटतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मंजी पोरीला पाजलं, त्याचीबी खूण आसंल?"

"तुझ्या अंगात. हो."

"अन् गोळीनं ती जात न्हाई."

"नाही जात."

बाहेर टँकर आला होता, गल्लीतल्या बायका घागरी घेऊन ओरडत होत्या. ती उठेल असं मला वाटलं, पाणी भरायची तिला भारी घाई असते. ती उठली नाही.

"पहिल्या वेळी," ती म्हणाली, "लेकरू मेलेलं झालं अन् तिसऱ्या दिवशी दूध आलं. अंगाला कोण सांगणार, लेकरू न्हाई म्हणून? चोळी वली व्हायची. सासूबाई म्हणल्या, पिळून टाक, नायतर गाठी व्हतील. मी मळ्यात जायचे. बोरीच्या बुडात पिळायचे, कुणी बघू ने म्हणून. एवढं दूध, अन् मातीत. मुंग्या यायच्या त्याच्यावर. मला वाटायचं, माझ्या अंगानं करून करून काय केलं, तर मुंग्यांचं भलं." ती थांबली. "दुसऱ्या वेळी तेच. कुणाला सांगितलं न्हाई मी हे. तुझ्या चुलत्यालाबी न्हाई."

मी तिच्याजवळ सरकून बसले.

"तर ते वाया गेलं न्हाई म्हणतीस."

"नाही गेलं."

"त्या दोघांचं हिनं पिलं."

मी शिक्षिका आहे, हे वाक्य असंच्या असं बरोबर नाही हे मला कळत होतं. पेपरात कोणी लिहिलं असतं तर मी खाली रेघ मारली असती. "हो," मी म्हणाले.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. माठातून पाणी घेतलं, फ्रिजवरच्या डब्यातून चंद्राची पट्टी काढली. नखानं तिला ती पट्टी फुटेना, म्हणून मी उठू लागले. "बस तू," असं म्हणून तिनं दातानं फोडली. गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि घागर उचलून बाहेर टँकरकडे गेली, रांगेत आधी घुसलेल्या बाईशी भांडायला.